साल सादळता कामा नये

वीस माणसांना साठ होड्या, म्हणजे कोरलेले अर्धे बटाटे, लागतात. टेलगेटसाठी भरलेले बटाटे, म्हणजे इथले, अमेरिकेतले 'पोटॅटो स्किन्स', करायचे तर माणशी तीन हा हिशोब पुरतो, कारण त्याच टेबलावर विंग्ज, चिली, हॉट डॉग आणि चिप्सचे डोंगर असतात. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी लोक घरीच टीव्हीसमोर चार तास ठाण मांडून बसणार असतील, तर मी माणशी चार धरते. साठ होड्यांना तीस बटाटे लागतात. एकेक साधारण १७० ग्रॅमचा, म्हणजे एकूण सव्वाअकरा पौंड. पण पाच पौंडांच्या तीन पिशव्या आणायच्या. उरलेले भाजीला होतात, आणि प्रत्येक पिशवीतले दोनचार बटाटे आकाराने नाहीतर सालीने बाद निघतातच.

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: टेलगेट म्हणजे पिकअप ट्रकची मागची, खाली पडणारी फळी. फुटबॉलच्या सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये ती फळी पाडून तिच्यावर मांडलेल्या जेवणालाही आता तेच नाव आहे. हा पदार्थ १९७०च्या दशकात इथल्या रेस्टॉरंटांमध्ये रुळला. बटाटा भाजायचा, उभा कापायचा, बराचसा गर काढून टाकायचा, उरलेली वाटी तूप-लोणी लावून पुन्हा कडक भाजायची आणि तिच्यात चीज घालायचं. भरलेला बटाटा म्हटलं की आपलं लक्ष सारणाकडे जातं. इथे सारण दुय्यम आहे, चांगलं चीज कोणीही विकत आणू शकतं. खरा पदार्थ साल आहे, आणि सालीचा शत्रू वाफ. या प्रकारात जे जे बिघडतं, त्यातलं बहुतेक कुठेतरी वाफ कोंडल्यामुळेच बिघडतं.

बटाटा रसेटच घ्यायचा. साल जाड, किंचित खरखरीत, आणि गरात स्टार्च भरपूर व पाणी कमी, त्यामुळे भाजल्यावर गर भुसभुशीत होऊन सालीपासून सहज सुटतो. पिशवीवर 'आयडाहो' लिहिलेलं दिसलं की अनेकांना ती जात वाटते. ते राज्याचं नाव आहे. रसेट वॉशिंग्टन राज्यातला असला तरी तितकाच चालतो. यूकॉन गोल्ड चवीला सरस, पण साल पातळ, दुसऱ्या भाजणीत काठ कोसळतात. लाल बटाटा मेणासारखा घट्ट असतो, चमच्याला दाद देत नाही. लांबट, दोन्ही टोकांना सारखे आणि एकमेकांच्या मापाचे बटाटे निवडायचे. माप सारखं नसलं तर लहान बटाटा तयार होऊन सुरकुततो तेव्हा मोठा मध्ये कच्चाच असतो. साल खायची असल्यामुळे हिरवट झाक असलेला, कोंब आलेला बटाटा सरळ बाजूला. हिरवेपणा असतो तिथे सोलानिन हे विषही वाढलेलं असतं, आणि इथे सोलून टाकायची पळवाट नाही. बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. थंडीत स्टार्चची साखर होते, आणि मग ४५० अंश फॅरनहाइटला काठ सोनेरी न होता काळपट पडतात.

ब्रशने घासून धुवायचे, डोळ्यांच्या खाचांत माती राहते तिथे जास्त. काट्याने चारपाच ठिकाणी टोचे मारायचे. मग अर्धा कप कोमट पाण्यात दोन टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात प्रत्येक बटाटा घोळवायचा (तीस बटाट्यांना असं दोनदा करावं लागतं). पाणी उडून जातं आणि मिठाचा पातळ थर सालीवर सगळीकडे सारखा बसतो. कोरडं मीठ कितीही चोळलं तरी अर्धं ट्रेमध्येच पडतं. या टप्प्यावर तेल लावायचं नाही. साल आधी कोरडी होऊ द्यायची, स्निग्ध लेप नंतर.

ट्रेवर जाळी, जाळीवर बटाटे, ओव्हन ४०० अंश फॅरनहाइट (२०५ सेल्सियस). दहाबारा बटाटे असतील तर ४५ ते ५० मिनिटं. तीस एकदम घातले की तासाच्या वर जातं, कारण एवढे बटाटे मिळून ओव्हनमध्ये चांगलीच वाफ भरतात. अर्ध्या वेळेला वरची-खालची जाळी अदलाबदल करायची, त्याच वेळी दार क्षणभर सताड उघडून वाफ बाहेर घालवायची. सुरी आत गेली म्हणजे शिजला, ही परीक्षा अपुरी आहे. १९० अंशांच्या बटाट्यातही सुरी जाते, पण गर अजून दाट आणि ओलसर असतो. थर्मामीटर पोटात २०५ ते २१० अंश फॅरनहाइट दाखवू लागला की काढायचे.

फॉइलमध्ये गुंडाळून भाजायची सवय फार घरांत आहे. त्यात बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्या वाफेत उकडतो, आणि साल ओल्या कागदासारखी होते. ओव्हनमधून काढल्यावर तर फॉइलमध्ये मुळीच ठेवू नयेत. आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे, आणि मातीतल्या बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू भाजून मरत नाहीत. १९९४ साली टेक्ससमधल्या एल पासो इथे तीस जणांना बोटुलिझम, म्हणजे याच जिवाणूची विषबाधा, झाली. त्याचा माग एका रेस्टॉरंटमध्ये फॉइलसकट बाहेरच ठेवलेल्या भाजक्या बटाट्यांपर्यंत गेला. आदल्या दिवशी भाजून ठेवायचे असतील तर उघडे गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटांच्या आत प्रत्येक बटाट्याला उभी चीर द्यायची. तसेच ठेवले तर आतली वाफ सालीत मुरते आणि तासभराची भाजणी पाण्यात जाते. चीर दिल्यावर दहा मिनिटं थांबून पूर्ण कापायचे. बटाटा कापताना पाटावर आधी हलवून बघायचा. तो ज्या बाजूवर स्वतःहून स्थिर बसतो, त्या बाजूला समांतर कापला तर दोन्ही होड्या नीट बसतात, डुलत नाहीत. भरलेल्या होड्या ट्रेमध्ये कलंडतात त्या बहुतेक इथेच चुकलेल्या असतात.

गर कोमट असतानाच काढायचा. गार झाला की तो आवळून बसतो, ढेकळं निघतात आणि जाताना साल घेऊन जातात. हत्यार म्हणजे बोथट काठाचा साधा चहाचा चमचा, किंवा खरबुजाचे गोळे काढायचा चमचा. ग्रेपफ्रूटचा दातेरी चमचा मोहात पाडतो, पण त्याचे दात साल फाडतात. डाव्या तळहातावर पंचा, पंचावर बटाटा, आणि चमचा काठापासून मध्याकडे, गोल फिरवत. टोकावरून टोकाकडे ओढला की तळ हमखास फुटतो. बाजूंना आणि तळाला ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच गर राहू द्यायचा. दोन्ही टोकांना थोडा जास्त, आठएक मिलिमीटर, कारण होडी उचलताना लोक तिथेच धरतात. अगदी सालीपर्यंत खरवडलं तर भाजल्यावर चामडं होतं, चावताना ओढत बसावं लागतं. जास्त ठेवलं तर तो नुसता अर्धा बटाटा. होडी तळहातावर घेऊन काठ दोन बोटांनी हलकेच आत दाबायचे. दाबून सोडल्यावर काठ परत जागेवर आले की जाडी बरोबर. तळाला भोक पडलंच तर गराचा गोळा आतून दाबून बसवायचा, दुसऱ्या भाजणीत तो चिकटतो.

दुसऱ्या भाजणीला अमेरिकन पाककृती बहुतेक वितळलेलं लोणी सांगतात. इथे आपलं साजूक तूप उघडपणे सरस आहे. लोण्यात १६-१७ टक्के पाणी असतं, म्हणजे वाळवायला निघालेल्या सालीवर आपणच पाणी लावतो. शिवाय त्यातले दुधाचे कण ४५० अंशांना करपून कडू होतात. तुपात ही दोन्ही भानगड नाही. साठ होड्यांना दीडशे ग्रॅम तूप, ब्रशने आतून आणि बाहेरून. आत चिमूटभर मीठ आणि मिरपूड, कारण बाहेरचं मीठ आतल्या गरापर्यंत पोचलेलं नसतं. लसूण घालायचा असेल तर लसणाची पूड. ठेचलेला लसूण या आचेला जळतो.

ओव्हन ४५० अंश (२३० सेल्सियस) पूर्ण तापल्यावरच ट्रे आत. आधी पालथ्या होड्या, जाळीवर, दहा मिनिटं. मग चिमट्याने उताण्या करून आणखी आठदहा मिनिटं. पालथ्या असताना तूप काठांकडे उतरतं आणि काठ तळल्यासारखे होतात, उताण्या केल्यावर आतला गर वरून कोरडा पडतो. ट्रेमध्ये होड्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, टेकलेल्या बाजू मऊ राहतात. वेळ वाचवायला ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनची वरची थेट आच, लावू नका, काठ करपतात आणि पोट ओलंच राहतं. तयार झालेली होडी चमच्याने ठोकली की आवाज सुक्या लाकडासारखा, खट्ट येतो. बद्द आवाज आला तर आणखी चार मिनिटं.

इथवरचं सगळं आदल्या दिवशी करून ठेवता येतं. जाळीवरच पूर्ण गार करायच्या, ताटात नाही, कारण ताटात तळाला घाम सुटतो. गार झाल्या की डब्यात कागदी टॉवेल घालून रात्री फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये महिनाभर चांगल्या राहतात, आधी ट्रेवर सुट्या गोठवून मग पिशवीत भरायच्या. गोठलेल्या होड्या वितळवत बसायचं नाही, थेट गरम ओव्हनमध्ये.

चीज दर होडीला १५ ग्रॅम, साठांना ९०० ग्रॅम, म्हणजे दोन पौंड. अर्धं शार्प चेडर चवीसाठी, अर्धं माँटेरे जॅक वितळण्यासाठी. वडी आणून घरी किसायचं. पिशवीतल्या किसाला गोळा होऊ नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, तो वितळताना एकजीव होत नाही. फार मुरलेलं, वर्ष-दोन वर्षांचं चेडर एकटं वापरलं तर तेल सुटून होडीत तळं साचतं. काटेकोर शाकाहारी मंडळी असतील तर पाकिटावर 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल' रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा घटक, एरवी वासराच्या जठरातला) लिहिलंय का तेवढं बघा.

बेकनचं काही अवघड नाही. दीड पौंड, ट्रेवर जाळी ठेवून ४०० अंशांना अठरा-वीस मिनिटं, गार करून चुरायचं. आपल्या घोळक्यात निम्मे तरी ते खात नाहीत, म्हणून मी दोन वेगळे ट्रे करते आणि चिमटेही दोन ठेवते. बिनमांसाच्या ट्रेसाठी मश्रूम बारीक चिरून, रुंद कढईत, पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत परतायचे आणि शेवटी स्मोक्ड पॅप्रिका. मक्याचे दाणे कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून हालपिन्यो मिरचीबरोबरही छान लागतात. काळे बीन्स असतील तर धुऊन, निथळून, कागदावर पसरून. कच्चा टोमॅटो, डब्यातला साल्सा, नुसते परतल्यासारखे केलेले ओले मश्रूम यांतलं काही होडीत पडलं की दहा मिनिटांत तळ मऊ.

रचनेचा क्रमही त्याचसाठी. सगळ्यात खाली चीजचा पातळ थर, त्यावर बाकीचं, वर पुन्हा थोडं चीज. खालचं चीज वितळून गरावर मेणकापडासारखं बसतं आणि वरची ओल खाली जाऊ देत नाही. बहुतेक जण सारण खाली आणि चीज सगळं वर घालतात. दिसायला सुरेख दिसतं, पण तळ सादळतो. भरल्यावर ४५० अंशांना पाच मिनिटं, चीज फक्त वितळून बुडबुडे येईपर्यंत.

सावर क्रीम ओव्हनमध्ये जात नाही, फाटतं. वाढताना वरून, एका होडीला एक चहाचा चमचा, मग पातीचा कांदा किंवा चाइव्ह्ज. टेलगेटला सावर क्रीम पिळायच्या बाटलीत भरून न्यायचं. वाटी-चमचा ठेवला की त्यात चिप्सचा चुरा पडणारच. घरचा चक्का थोडं मीठ आणि भरड जिरं घालून त्याच्या जागी उत्तम चालतो. मात्र तो पुरता टांगलेला हवा, पाणी सुटणारा नको.

आता खरी परीक्षा, नेण्याची. पार्किंग लॉटमध्ये झाकण असलेला गॅस ग्रिल असेल तर होड्या रिकाम्याच न्यायच्या. कोरड्या होड्या कागद घातलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. चीज आणि सारण पिशव्यांत, बर्फाच्या कूलरमध्ये, ४० अंश फॅरनहाइटच्या खाली. तिथे ग्रिलचे एका बाजूचे बर्नर पेटवायचे, दुसऱ्या बाजूचे बंद. होड्या बंद बाजूला, झाकण लावून पाच मिनिटं रिकाम्या, मग भरून आणखी पाच-सात मिनिटं. पेटत्या बर्नरवर ठेवल्या तर चीज वितळायच्या आत तळ कोळसा होतो, कारण साल तुपाने माखलेली आहे. वारं असेल तर वेळ दीडपट धरा. ग्रिल, कोळसा, प्रोपेनचं नळकांडं यांचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे असतात, ते आदल्या दिवशीच वाचून ठेवायचे.

ग्रिल नसेल तर घरून भरून, गरम न्याव्या लागतात. मी हा मार्ग नाइलाजाने घेते, कारण साल थोडी मऊ पडणारच. रिकाम्या कूलरमध्ये उकळतं पाणी ओतून वीस मिनिटं झाकण लावायचं, मग पाणी ओतून कोरडा पुसायचा. तळाला जाड पंचा. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये होड्यांचा एकच थर, वर फॉइल सैल टाकून त्याला सुरीने आठदहा भोकं, आणि फॉइलवर कोरडा पंचा, म्हणजे वर आलेली वाफ कापडात मुरते, थेंब होऊन परत चीजवर पडत नाही. गच्च फॉइल लावलेले ट्रे उघडताना वर थेंबांची रांग दिसते, ते सगळं पाणी सालीतच जाणार असतं. ट्रेमध्ये थर्मामीटर खुपसून ठेवायचा. १४० अंशांच्या खाली गेलं की दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं. सप्टेंबरात दक्षिणेकडच्या राज्यांत बाहेर ९० अंशांच्या वर ऊन असलं तर एकाच तासात. नोव्हेंबरात शिकागोला हवा थंड असते म्हणून नियम बदलत नाही, ट्रे फक्त लवकर निवतो.

दुपारी एकचा सामना असेल तर माझं वेळापत्रक साधारण असं बसतं: शनिवारी संध्याकाळी भाजणं, कोरणं, दुसरी भाजणी. रविवारी सकाळी किसणं, चिरणं, भरणं-बांधणं. लॉटमध्ये पोचल्यावर ग्रिल तापायला पंधरा मिनिटं, आणि वीस-वीसच्या तीन खेपा. साठ एकदम मांडायच्या नाहीत. पहिल्या वीस संपत आल्या की दुसऱ्या टाकायच्या.

बोटाएवढे, एका घासाचे हवे असतील तर दीड इंचाचे छोटे बटाटे घ्यायचे. हे भाजण्याऐवजी मिठाच्या गार पाण्यात टाकून उकडायचे, उकळी आल्यावर बारा ते पंधरा मिनिटं. उंचावरच्या डेन्व्हरला मात्र पाणी ९५ अंश सेल्सियसलाच उकळतं, तिथे पाचसात मिनिटं वाढवा. उकडल्यावर निथळून गरम पातेल्यात दोन मिनिटं वाळवायचे, तळाची चकती कापून उभे करायचे, वरून टोपी कापून कोरायचे. यांत गरच परत भरतात. एक किलो गराला शंभर ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम सावर क्रीम, दीडशे ग्रॅम चीज, लागेल तसं गरम दूध, दोन सपाट चहाचे चमचे मीठ. गर चाळणीतून किंवा रायसरमधून काढायचा आणि चमच्याने जेमतेम मिसळायचा. फूड प्रोसेसर लावला की स्टार्चच्या पेशी फुटून त्याची खळ होते, आणि ती काही केल्या सुधारत नाही. मिनी मफिन ट्रेमध्ये उभे करून नेले की गाडीत लवंडत नाहीत.

पुण्या-मुंबईत करायचे झाले तर बाजारात सहज मिळणारा ज्योती बटाटा सालीला पातळ आणि गराला ओला पडतो. होडीत ६ ऐवजी ८-९ मिलिमीटर गर ठेवा आणि दुसरी भाजणी पाच मिनिटं वाढवा. वेफर्ससाठी पिकवलेला चिप्सोना मिळाला तर त्यात पाणी कमी, त्याच्या होड्या जास्त चांगल्या होतात. नव्या आलेल्या, नखाने साल सुटणाऱ्या बटाट्याच्या वाटेला जाऊ नका.

राहिला गर. तीस बटाट्यांतून दोन किलोच्या आसपास निघतो, आणि तो उकडलेल्या बटाट्याच्या गरापेक्षा बराच कोरडा असतो. म्हणून बटाटेवड्याच्या सारणाला फार चांगला: आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, लिंबू, कोथिंबीर. गोळे चिरा न पडता वळायला फोडणीत तेल एक चमचा जास्त घ्यायचं. रात्रीच पसरट डब्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवला तर सोमवारी पराठ्यांना होतो. होड्या उरल्याच तर घरी ४०० अंशांना आठ मिनिटं, जाळीवर. मायक्रोवेव्हमध्ये टाकल्या तर अर्ध्या मिनिटात वातड होतात.